स्वादुपिंडातील बीटा पेशींना नेमके कोण मारते?

ओंजळ

पाच महिन्यांपूर्वी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह असल्याचे निदान झाले. त्याआधीचे तीन आठवडे ती रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठत होती, उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली पहाटेपर्यंत रिकामी होत होती आणि अंगावरचे कपडे सैल होऊ लागले होते. सुरुवातीला आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी मूत्रमार्गाचा संसर्ग समजून औषध दिले आणि रक्तातील साखर तपासण्याआधी आणखी आठ दिवस गेले. आता तिची प्रकृती चांगली आहे. ती स्वतः बोट टोचून साखर मोजते आणि आकडा मला मोठ्याने वाचून दाखवते.

तिच्या तपासणीच्या अहवालात जीएडी-६५ आणि आयए-२ या प्रथिनांविरुद्धच्या दोन अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, सापडल्याचे लिहिले आहे. शरीराच्याच प्रतिकार पेशींनी इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट केल्या, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या ‘नष्ट केल्या’मध्ये नेमके काय घडले, हे मला समजून घ्यायचे आहे. अहवालात दिसलेल्या प्रतिपिंडांनीच या पेशी मारल्या का? मारल्या असतील, तर अगदी शेजारी असलेल्या बाकीच्या पेशी कशा वाचल्या? आणि हे सारे कधी सुरू झाले? निदानाच्या महिनाभर आधी तिला चार दिवस सडकून ताप आला होता. तो ताप मी अंगावर काढू दिला, म्हणून हे घडले का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पिंपळपान

प्रथम आपल्या मुलीला खूप शुभेच्छा. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, परंतु घरात थायरॉइडचा आजार असल्यामुळे या विषयावर थोडे वाचन झाले आहे. ग्रेव्हज आजारात प्रतिपिंडे थेट थायरॉइडच्या पेशींना चिकटतात आणि तिला अवाजवी काम करायला लावतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्येही प्रतिपिंडेच स्नायूंकडे जाणारा संदेश अडवतात. मधुमेहाच्या अहवालात प्रतिपिंडे सापडत असतील, तर येथेही तीच दोषी असावीत, असे मला वाटते.

शोधयात्री

पिंपळपान, आपली दोन्ही उदाहरणे अचूक आहेत, पण पहिल्या प्रकारच्या मधुमेहाला हा नियम लावता येत नाही. मी प्रतिकारशास्त्रात काम करतो आणि विद्यार्थ्यांचाही सर्वाधिक गोंधळ नेमका येथेच होतो. या आजारात प्रतिपिंडे साक्षीदाराच्या जागी असतात. घटना घडली आहे, एवढे ती खात्रीने सांगतात. घाव घालणारी पेशी मात्र वेगळी असते आणि ती म्हणजे टी पेशी, पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार.

हे कशावरून म्हणायचे? पहिला पुरावा नवजात बाळांचा आहे. आईला पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल, तर तिची प्रतिपिंडे नाळेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि काही महिने तेथे राहतात. ती बीटा पेशींना मारत असती, तर अशी बाळे जन्मतःच मधुमेही झाली असती. प्रत्यक्षात बाळांना त्यामुळे मधुमेह होत नाही आणि उसनी आलेली प्रतिपिंडे यथावकाश विरून जातात. दुसरा पुरावा २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाचा आहे. एका मुलाला जन्मजात दोषामुळे बी पेशीच नव्हत्या. प्रतिपिंडे बी पेशींच्याच वंशात तयार होत असल्याने ती बनवण्याची सोयही त्याच्या शरीरात नव्हती, तरीही त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला.

तिसरा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. मिनेसोटा विद्यापीठातील शल्यचिकित्सक डेव्हिड सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली एकसारख्या जुळ्यांमधील प्रत्यारोपणांची माहिती प्रसिद्ध केली. जुळ्यांपैकी एकाला वर्षानुवर्षे मधुमेह होता, तर दुसरा निरोगी होता. निरोगी भावंडाने आपल्या स्वादुपिंडाचा एक भाग दिला. दोघांची जनुके सारखीच असल्यामुळे शरीर तो अवयव परका म्हणून नाकारणार नव्हते, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी पूर्ण औषधयोजना सुरुवातीला केली नव्हती. काही आठवड्यांतच मधुमेह परतला. नव्या अवयवाचा तुकडा तपासला, तेव्हा त्यात प्रतिकार पेशींचा शिरकाव झालेला होता आणि केवळ बीटा पेशी नाहीशा होत होत्या. बाकीचा अवयव शाबूत होता. लक्ष्य नाहीसे होऊन इतकी वर्षे लोटल्यावरही शरीराने ते ओळखले. अशी स्मृती टी पेशींची असते.

सूक्ष्मदर्शी

शोधयात्री यांनी सांगितलेली ‘केवळ बीटा पेशी’ ही गोष्ट मी काचपट्टीवर स्वतः पाहिली आहे, म्हणून तीविषयी लिहितो. विकृतिशास्त्रात माझी तीस वर्षे गेली.

स्वादुपिंडाचा बहुतांश भाग पाचक रस बनवतो. त्यात पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. १८६९ साली पॉल लँगरहान्स या तरुण विद्यार्थ्याने ते प्रथम पाहिले, म्हणून त्यांना लँगरहान्सची द्वीपे म्हणतात. प्रौढ माणसात ती सुमारे दहा लाख असतात, तरी सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाचा एक-दोन टक्केच भाग भरतो. एकेका द्वीपात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी, ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी आणि सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या डेल्टा पेशी एकमेकींना चिकटून राहतात.

निदानानंतर थोड्याच काळात मृत्यू पावलेल्या रुग्णाच्या स्वादुपिंडाचा छेद घेऊन त्यातील इन्सुलिनला तपकिरी रंग दिला, की जे दिसते ते मी अजून विसरलेलो नाही. एका द्वीपात तपकिरी रंगाचा टिपूसही नाही, ते आक्रसून लहान झालेले आणि त्याच्याभोवती एकही प्रतिकार पेशी नाही. तेथील काम उरकून त्या निघून गेलेल्या असतात. काचपट्टी जराशी सरकवली, की दुसऱ्या द्वीपाच्या कडेला गडद निळ्या केंद्रकांच्या गोल पेशी चंद्रकोरीसारख्या जमलेल्या दिसतात, त्यांतील काही आत घुसलेल्या असतात आणि तपकिरी पेशी अजून तग धरून असतात. आणखी थोडे पुढे गेले, तर एक अख्खा खंड असा सापडतो, की त्यातील प्रत्येक द्वीप निरोगी माणसासारखे भरलेले आहे. या तीनही अवस्था एकाच माणसात, एकाच काचपट्टीवर असतात. ग्लुकॅगॉनचा रंग दिला, तर रिकाम्या द्वीपातही अल्फा पेशी जागच्या जागी उभ्या दिसतात.

या शिरकावाला इन्सुलायटिस म्हणतात. ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी १९६५ साली निदानानंतर लवकरच दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडे तपासली आणि त्यांतील १५ जणांमध्ये ही दाहाची खूण दाखवून दिली. हा आजार प्रतिकारशक्तीचा असावा, या विचाराला त्या कामातून बळ मिळाले.

तर्कनिष्ठ

वर्णन वाचून डोळ्यांसमोर चित्र उभे राहिले. पण माझी शंका ओंजळ यांच्या दुसऱ्या प्रश्नाशीच अडली आहे. जीएडी हे विकर केवळ बीटा पेशींत नसते, ते मेंदूतील चेतापेशींतही असते. मग प्रतिकार पेशी मेंदूवर का धावून जात नाहीत? आणि अल्फा पेशी तर त्याच द्वीपात, त्याच दाहात उभ्या असतात. त्यांना धग का लागत नाही?

शोधयात्री

प्रश्न मार्मिक आहे आणि त्याचे उत्तर मारण्याच्या पद्धतीत दडलेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे लहान तुकडे, साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे, पृष्ठभागावर मांडून ठेवते. ते ज्या प्रथिनाच्या खोबणीत बसवलेले असतात, त्याला एचएलए वर्ग एक म्हणतात. सीडी-८ प्रकारची टी पेशी एका पेशीवरून दुसऱ्या पेशीवर जाऊन हे तुकडे चाचपून पाहते. विषाणूने ग्रासलेली पेशी अशीच पकडली जाते. मधुमेहात ही टी पेशी चुकून इन्सुलिनच्या तुकड्यावर थांबते. अल्फा पेशी इन्सुलिन बनवत नाही, त्यामुळे तिच्या खोबणीत तो तुकडा येण्याचा प्रश्नच नाही. चेतापेशी हे एचएलए सहसा फारच कमी मांडतात आणि मेंदूभोवती रक्तवाहिन्यांचा कडक पहाराही असतो.

लक्ष्य पटले, की टी पेशी बीटा पेशीला घट्ट चिकटते. तिच्यातील विषारी कणिका सरकत सरकत त्या संपर्काच्या जागी येतात आणि दोघींमधल्या निरुंद फटीत रिकाम्या होतात. त्यातील परफोरिन हे प्रथिन बीटा पेशीच्या पटलाला छिद्रे पाडते आणि ग्रँझाइम-बी हे विकर त्या वाटेने आत शिरते. ते बीटा पेशीच्या स्वतःच्या आत्मनाशाच्या यंत्रणेची कळ दाबते, डीएनएचे तुकडे पडतात, पेशी आक्रसते आणि भक्षक पेशी तिचे अवशेष गिळून टाकतात. टी पेशी तोवर सुटून पुढच्या पेशीकडे गेलेली असते. याशिवाय पेशीच्या पृष्ठभागावरील फास नावाच्या प्रथिनातून दिला जाणारा मृत्यूचा संदेश आणि इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ या दाहकारक द्रव्यांचा मारा, हेही मार्ग आहेत. ही द्रव्ये अल्फा पेशींपर्यंतही पोहोचतात, पण बीटा पेशी त्यांच्यापुढे अधिक हळवी ठरते, कारण पेरॉक्साइडसारखी घातक द्रव्ये निष्प्रभ करणारी कॅटलेजसारखी विकरे तिच्याजवळ फार थोडी असतात.

बीटा पेशी स्वतःच्या नाशाला कशी हातभार लावते, हेही सांगितले पाहिजे. भरपूर ग्लुकोज मिळाल्यावर एक बीटा पेशी मिनिटाला सुमारे दहा लाख इन्सुलिनचे रेणू घडवू शकते. इतक्या कामाचा ताण पेशीवर येतोच, आणि दाहाच्या वातावरणात ती एचएलए वर्ग एक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मांडू लागते. २००८ साली लंडनमधील संशोधकांनी मधुमेही रुग्णाच्या रक्तातून अशी सीडी-८ टी पेशी वेगळी केली, जी इन्सुलिनच्या कच्च्या साखळीचा सुरुवातीचा भाग ओळखत होती. इन्सुलिन तयार होताना हा भाग कापून टाकला जातो. त्याचाच तुकडा बीटा पेशी पृष्ठभागावर मांडत होती आणि भोवतीचे ग्लुकोज वाढवल्यावर त्या टी पेशीच्या हातून अधिक बीटा पेशी मरत होत्या. म्हणजे ज्या वेळी शरीराला बीटा पेशीची सर्वाधिक गरज असते, त्याच वेळी ती शत्रूला सर्वाधिक ठळक दिसते. हे प्रथम वाचले, तेव्हा मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नव्हतो.

पिंपळपान

माझे मत मी मागे घेतो. साक्षीदाराची उपमा पटली. पण मुळात अशा टी पेशी शरीरात तयारच का होऊ दिल्या जातात?

शोधयात्री

अशा टी पेशी आपल्या सर्वांमध्ये काही प्रमाणात असतात, निरोगी माणसांतही सापडतात. टी पेशींचे शिक्षण छातीतील थायमस ग्रंथीत होते. तेथे त्यांना शरीराच्या निरनिराळ्या प्रथिनांचे नमुने दाखवले जातात, त्यांत इन्सुलिनही असते. त्या नमुन्याला जी टी पेशी जोरात चिकटते, ती तेथेच बाद होते. काही जणांमध्ये इन्सुलिनच्या जनुकाशेजारचा एक भाग असा असतो, की थायमसमध्ये इन्सुलिन जास्त बनते, आणि अशांना मधुमेहाचा धोका कमी असतो.

एवढे करूनही काही निसटतात. त्यांना आवर घालण्यासाठी नियामक टी पेशी असतात. त्यांना घडवणारे फॉक्स-पी-३ हे जनुक जन्मतः बिघडलेले असेल, तर काही बाळांना पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो. धोक्याचा सर्वांत मोठा आनुवंशिक वाटा मात्र एचएलए वर्ग दोनच्या जनुकांचा आहे. १९८७ साली असे दिसून आले, की त्यातील डीक्यू-बीटा साखळीच्या ५७व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्ल असेल, तर सहसा संरक्षण मिळते आणि तेथे दुसरे अमिनो आम्ल असेल, तर धोका वाढतो. एका अमिनो आम्लाने खोबणीचा आकार पालटतो आणि त्यात इन्सुलिनचा कोणता तुकडा कसा बसेल, हे बदलते. तो तुकडा स्वादुपिंडाजवळच्या लसिका ग्रंथीत सीडी-४ टी पेशींना दाखवला जातो, त्या जाग्या होतात आणि मारेकरी सीडी-८ पेशींना बळ देतात. बी पेशींकडून प्रतिपिंडेही त्यांच्याच मदतीने तयार होतात. ओंजळ, आपल्या मुलीच्या अहवालातील दोन नावे अशी तेथे आली आहेत.

मुशाफिर

मग प्रतिकारशक्ती वाढवणारी अनेक चूर्णे आणि काढे मिळतात, ते अशा मुलांना दिले तर उपयोग होईल का? माझ्या परिचयातील एका कुटुंबाला तसा सल्ला मिळाला आहे.

दवबिंदू

मुशाफिर, आपली कळकळ समजते, पण कृपया त्या कुटुंबाला थांबवा. मला या मधुमेहासह ३१ वर्षे झाली आहेत. वर शोधयात्री यांनी लिहिले आहे, ते पाहता या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिचा आवर सुटलेला आहे. कर्करोगावरील काही नवी औषधे टी पेशींवरील पीडी-१ नावाचा ब्रेक काढून टाकतात, तेव्हा थोड्या रुग्णांना अचानक इन्सुलिनवर अवलंबून राहावे लागणारा मधुमेह होतो. माझ्या डॉक्टरांनी मला हेच उदाहरण दिले होते. चूर्णाने असे होईल, असे मी म्हणत नाही. परंतु अशा उपायांच्या भरवशावर कोणी इन्सुलिन कमी केले किंवा बंद केले, तर काही दिवसांत, कधी काही तासांत, जीवावर बेतते.

मुशाफिर

आपण इतक्या स्पष्टपणे सांगितलेत, याबद्दल आभारी आहे. आजच फोन करतो.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सर्व दोनदा वाचले. शोधयात्री, माझा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे. तो ताप?

शोधयात्री

क्षमस्व, तो प्रश्न सर्वांत आधी घ्यायला हवा होता.

आपल्या मुलीत दोन निरनिराळी प्रतिपिंडे सापडली आहेत. सहसा ती एकामागून एक, महिन्यांच्या वा वर्षांच्या अंतराने उगवतात. जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांचा मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन किंवा अधिक प्रतिपिंडे आढळलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना त्यानंतरच्या दहा वर्षांत मधुमेह झाला. हा वेग पाहा. एका महिन्यात संपणारे हे काम नाही. आता दोन प्रतिपिंडे असून साखर सामान्य असेल, तर त्याला पहिला टप्पा म्हणतात, साखर बिघडू लागली की दुसरा आणि लक्षणे दिसू लागली की तिसरा. आपण जो पाहिला, तो तिसरा टप्पा होता. तापात शरीराची इन्सुलिनची गरज वाढते, त्यामुळे आधीच तुटपुंज्या राहिलेल्या पेशी कमी पडल्या आणि आजार उघडा पडला, असे घडू शकते. पण त्या चार दिवसांत आपण काहीही वेगळे केले असते, तरी ज्या पेशी आधीच गेल्या होत्या त्या परत आल्या नसत्या.

तर्कनिष्ठ

विषाणूंचा संबंध मात्र अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. कॉक्सॅकी-बी गटाच्या विषाणूंविषयी बरेच संशोधन झाले आहे.

शोधयात्री

बरोबर आहे. कॉक्सॅकी-बी ज्यांत मोडतात त्या एन्टरोव्हायरसचा संसर्ग आणि द्वीपांविरुद्धची प्रतिपिंडे यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण तेथेही संशय आहे तो वर्षानुवर्षे आधीच्या, बहुधा बालपणातील संसर्गांवर. निदानाच्या महिनाभर आधीच्या तापावर तो ठेवता येणार नाही.

ओंजळ

हे वाचून काय वाटले, ते लिहिता येत नाही. पाच महिने मी त्या चार दिवसांचा हिशेब मांडत होते.

आता एक व्यावहारिक प्रश्न. मला सहा वर्षांचा मुलगाही आहे. त्याची तपासणी करावी का?

दवबिंदू

माझ्या भावंडांची तपासणी त्या काळी कोणी सुचवली नाही. आज ती करता येते आणि माझ्या मते अवश्य करावी. भावंडाला होण्याची शक्यता साधारण वीसात एक असते, म्हणजे बहुतेक भावंडे सुखरूप राहतात. पण प्रतिपिंडे निघालीच, तर कोणती लक्षणे पाहायची, हे आपल्याला आधीच माहीत असेल आणि संसर्ग समजून जाणारे ते आठ दिवस पुन्हा वाया जाणार नाहीत.

शोधयात्री

दवबिंदू यांच्याशी पूर्ण सहमत. लवकर कळण्याला आता आणखी एक अर्थ आला आहे. टेप्लिझुमॅब हे औषध टी पेशींवरील सीडी-३ या प्रथिनाला धरते आणि त्यांचा आवेग कमी करते. दुसऱ्या टप्प्यातील ७६ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. चौदा दिवसांच्या एकाच उपचारानंतर मधुमेह प्रकट होण्याचा मध्यक काळ सुमारे दोन वर्षांवरून चार वर्षांवर गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत आठ वर्षांवरील दुसऱ्या टप्प्यातील व्यक्तींसाठी त्याला मंजुरी मिळाली. ते आजार थांबवत नाही, पुढे ढकलते. पण एखाद्या मुलाच्या आयुष्यातील सुयांविना गेलेली दोन वर्षे ही मला थोडी गोष्ट वाटत नाही. शिवाय टी पेशींना आवरले की बीटा पेशी जास्त काळ टिकतात, हे त्यातून माणसांतच दिसून आले.

ओंजळ

मुलाची तपासणी पुढच्या आठवड्यात करून घेत आहोत.

आज मुलीला मी हे सारे तिला झेपेल अशा शब्दांत सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग माझ्या अजून काही उरल्या आहेत का?” गेल्या दोन महिन्यांत तिचा इन्सुलिनचा डोस निम्म्याहून कमी झाला आहे आणि डॉक्टर याला ‘हनिमून’चा काळ म्हणतात. पण तिला काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही.

सूक्ष्मदर्शी

तिला सांगा, की हो, उरल्या आहेत. डोस इतका कमी होतो, त्याचे कारणच ते आहे. बाहेरून इन्सुलिन मिळाल्यावर साखर खाली येते, थकलेल्या पेशींना उसंत मिळते आणि त्यांतल्या काही पुन्हा काम करू लागतात. निदानाच्या वेळी ८० ते ९० टक्के पेशी गेलेल्या असतात, असे आम्ही पूर्वी सरसकट शिकवत असू. पुढे अवयवदात्यांची अधिक स्वादुपिंडे तपासली गेली, तेव्हा हा आकडा सर्वांना लागू नाही, हे समोर आले. अगदी लहान वयात नाश अधिक होतो, किशोरवयात वा नंतर निदान झालेल्यांत बरीच अधिक द्वीपे भरलेली सापडतात. ही उसंत कायम टिकत नाही, हेही तिला योग्य वेळी सांगावे लागेल.

दवबिंदू

माझ्या रक्तातील सी-पेप्टाइड गेल्या वर्षी तपासले. बीटा पेशी इन्सुलिन सोडते, तेव्हाच हा तुकडाही सुटतो आणि टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, त्यामुळे तो सापडला तर तो स्वतःच्या पेशींचाच. बोस्टनच्या जोसलिन केंद्राने मधुमेहासह ५० वर्षे काढलेल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील काहींमध्येही तो आढळला आणि मृत्यूनंतर तपासलेल्या स्वादुपिंडांत इन्सुलिन असलेल्या पेशी दिसल्या. माझा आकडा अगदी लहान आहे, डोस बदलण्याइतकाही नाही. पण ३१ वर्षांनंतर तो शून्य नाही. मुलीला हेही सांगा.